नऊ सेकंद आधी

४ मार्च, बुधवार

आज पुन्हा! शेवटचा चेंडू, पाच धावा हव्या. मी सोफ्याच्या कडेवर. गोलंदाज अजून धावायलासुद्धा लागला नव्हता — आणि खालच्या घरातून आरोळी: "सिक्स! सिक्स गेला!" मग मी काय बघायचं? नऊ सेकंदांनी माझ्याकडे चेंडू उडाला, लोक नाचले. मी शिळं बघत बसले.

नऊ सेकंद मी घड्याळ लावून मोजलेत. खालच्याकडे केबल, माझ्याकडे इंटरनेटची पेटी. घेताना आमच्याच दुकानातला विक्रेता म्हणाला होता, "चित्र स्वच्छ येतं, ताई, वायरींचा पसारा नाही." चित्र स्वच्छच आहे. उशिरा येतं, एवढंच सांगायचं राहिलं. आणि मी त्याच दुकानात माल परत घ्यायच्या खिडकीवर बसते! जगाच्या चुकलेल्या खरेद्या निस्तरते आणि स्वतः ही करून बसले. केबलवाला म्हणतो, पुढच्या महिन्यात येईन. फायनल २९ तारखेला आहे.

आमचे हे होते तेव्हा शेवटच्या चेंडूला माझं मनगट धरायचे. दोघं श्वास रोखून बसायचो. पुढे काय होणार ते जगात कुणालाच माहीत नसायचं. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. मनगट धरणारं कुणी उरलं नाही, ठीक आहे. पण ते माहीत नसणं तरी माझं होतं. तेही खालच्याने हिसकावलं. एक फायनल तरी मला ताजी बघायची आहे.

५ मार्च, गुरुवार

खालचा सकाळी जिन्यात भेटला. हसला. मी नाही हसले.

७ मार्च, शनिवार

दुसऱ्याच ओव्हरला पुसणीचा दांडा जमिनीवर आपटला. सहा वेळा. खालचा वर आला, दारात उभा. चाळिशीचा, एकटा, रोज टाय लावून कुठल्याशा विमा कचेरीत जातो. "ताई, माझ्यामुळे त्रास होतो ना? काहीतरी करतो." मी म्हटलं, "करा." दार लावून घेतलं.

दोन महिन्यांपासून त्याची आई राहायला आली आहे. मी एकदाच पाहिली, टॅक्सीतून उतरताना. मी "या, या" म्हटलं तर बाईने वळूनसुद्धा पाहिलं नाही. खाण तशी माती.

८ मार्च, रविवार

"काहीतरी करतो" म्हणजे हे असावं — आणखी मोठ्याने ओरडतो.

११ मार्च, बुधवार

क्रिकेट नाही म्हणून गाण्याची स्पर्धा लावली. बाहेर कोण जाणार, तो लिफाफा उघडत होते. खालून: "निळ्या ड्रेसवाली गेली! निळ्या! नि-ळ्या!" चांगला बाप्या माणूस आणि गाण्याच्या स्पर्धेवर बोंबलतो. बरं, प्रत्येक गोष्ट दोनदा. दुसऱ्यांदा सावकाश, फोड करून, जणू आम्ही सगळे मठ्ठ. मला ती निळ्या ड्रेसवाली आवडायची. तिच्यासाठी वाईट वाटायलासुद्धा याने वेळ दिला नाही.

याचा वचपा काढणार. कसा ते माहीत नाही, पण काढणार.

१३ मार्च, शुक्रवार

सुपरमार्केटमध्ये खालचा पुढ्यात. त्याच्या टोपलीत बघते तर माझाच चहा, माझाच साबण, माझीच बिनसाखरेची बिस्किटं! मी तिथल्या तिथे माझे तिन्ही पुडे फळीवर परत ठेवले आणि शेजारचे दुसरे उचलले. त्याच्यासारखं काही माझ्या घरात नको.

घरी येऊन चहा केला. गवताचं पाणी. साबणाने अंगाला खाज सुटली. बिस्किटांबद्दल न बोललेलं बरं. पण माणसाला काही तत्त्व असतं की नाही?

१५ मार्च, रविवार

ह्यांचा जुना रेडिओ कपाटावरून काढला. अजून चालतो, आणि सगळ्यांच्या पुढे चालतो — केबलच्याही चार सेकंद पुढे! खिडकी सताड उघडली, रेडिओ कानाला लावला आणि घशाच्या शिरा ताणून ओरडले: "आउट! कॅप्टन आउट!" सगळी मॅच अशीच केली. टीव्ही बंद. मला एक चेंडू दिसला नाही. स्वतःचं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन, तो हाच. पण काय गोड वाटलं म्हणून सांगू!

एकच गोष्ट खटकली. माझ्यानंतर चार सेकंदांनी तो तरीही ओरडतच होता. "कॅप्टन आउट! कॅप-टन!" अरे, माझं आख्ख्या इमारतीला सांगून झालंय, तू पुन्हा कुणाला सांगतोस? कोडगा आहे कोडगा.

१९ मार्च, गुरुवार

आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. आज खालचा माझ्या खिडकीवर आला!

रांगेत तिसरा. काखेत खोकं. मला बघून चेहरा असा खुलला की जणू कचेरीत मामा भेटला. "अरे, ताई, तुम्ही इथे असता?" खोक्यात टीव्हीचे बिनवायरचे हेडफोन. म्हणाला, "याचा आवाज वाढतच नाही. फायनलच्या आत बदलून मिळाला तर फार बरं होईल." मनात म्हटलं, आमच्या कानठळ्या बसवून झाल्या, आता स्वतःच्या बसवायच्या आहेत.

आमची पद्धत अशी. खोक्यावर चिकटपट्टी असते. ती फाटलेली असेल तर माल बदलायचा की नाही, हे खिडकीवरच्या माणसाने ठरवायचं. आता पट्टी फाडल्याशिवाय खोकं उघडतच नाही, म्हणजे प्रत्येकाची फाटलेलीच असते. आणि प्रत्येकाला मी बदलून देते. सात वर्षं देते आहे. अर्जावर "कारण" म्हणून एक रकाना असतो, त्यात लोक रामायण लिहितात. तो मी वाचत नाही. वाचत बसले तर रांग रस्त्यावर जाईल. पट्टी बघायची, शिक्का मारायचा.

त्याने बारीक अक्षरात रकाना गच्च भरला होता. मी पट्टीवर बोट ठेवलं. "फाटली आहे."

"पण ती फाडल्याशिवाय—"

"नियम आहे."

त्याने अर्ज माझ्याकडे सरकवला. "कारण लिहिलंय मी. तेवढं जरा वाचलंत तर..."

"वाचलंय," मी म्हटलं. आणि शिक्का मारला. नामंजूर.

त्याने खोक्याचं झाकण नीट बसवलं. मग म्हणाला, "बरं. चूक माझीच. दुकानातच लावून बघायला हवा होता." खोकं उचलून गेला. भांडलासुद्धा नाही. भांडला असता तर आणखी मजा आली असती.

कपाटात तसाच एक नवा हेडफोन शिल्लक होता. शेवटचा. त्याच्या मागच्या बाईंचीही तीच तक्रार, त्यांचीही पट्टी फाटलेली. त्यांना देऊन टाकला, तो दाराबाहेर पडायच्या आत.

२० मार्च, शुक्रवार

माझा जुना चहा परत आणला. जिंकलेल्या माणसाने गवताचं पाणी का प्यावं?

२२ मार्च, रविवार

सेमीफायनल. ओरडतोच आहे. घसा पार चिरकलाय. "रन आउट" म्हणताना खोकल्याची उबळ आली. खोकून झाल्यावर पुन्हा म्हणाला, "रन... आउट." खोक म्हणावं. असाच खोकत राहिलास तर फायनल माझी.

२७ मार्च, शुक्रवार

खाली दोन दिवस आवाज नाही. त्याला जिन्यात "कसे आहात?" विचारलं — मुद्दाम, हसून. त्याने घशाकडे बोट दाखवलं आणि मान हलवली. डॉक्टरने बोलू नका म्हणून सांगितलं असणार. सुंठीवाचून खोकला गेला! रविवारी सोफा, बिस्किटं आणि मी. शेवटचा चेंडू ताजा.

२८ मार्च, शनिवार

महिनाअखेर. नामंजूर अर्ज फाइलला लावायचे होते. एरवी गठ्ठा असतो म्हणे इतर शाखांत. माझ्याकडे एकच निघाला. एकच होता म्हणून वाचला. जसाच्या तसा उतरवते:

"माझ्या आईला डाव्या कानाने काहीच ऐकू येत नाही, उजव्याने अगदी थोडं. दिसतंही कमी. तिला मॅच आणि गाण्याच्या स्पर्धेची फार हौस. मी शेजारी बसून सगळं ओरडून सांगतो. त्यामुळे वरच्या घरातल्या ताईंना निकाल आधीच कळतो आणि त्यांची मजा जाते. त्या एकट्या असतात. म्हणून हे हेडफोन घेतले, पण आवाज वाढवायचं बटण चालत नाही. कृपया बदलून द्यावेत."

तीनदा वाचला. टॅक्सीतून उतरताना बाई वळली नाही, ती ऐकू न आल्यामुळे. आणि मी काय म्हटलं होतं तिला — खाण तशी माती. "वाचलंय" असंही मीच म्हटलं होतं, त्याच्या तोंडावर. मला माझी लाज वाटते. कपाट उघडलं, रिकामं. गोदामात फोन केला. "सोमवारी माल येईल, ताई."

फायनल उद्या आहे. आणि त्याला आता आवाज नाही.

२९ मार्च, रविवार

खाली गेले. दारातच सगळं सांगितलं. त्याने सरकून आईच्या उजव्या बाजूची जागा दिली. प्रत्येक चेंडू तिला दोनदा ओरडून सांगून माझा घसा बसलाय. शेवटच्या चेंडूला म्हातारीने माझं मनगट धरलं. शेजारच्या घरातून कुणीतरी भिंत ठोकत होतं. ठोकू दे.