गुडघ्याच्या वर, ढोलाच्या खाली

२३ ऑगस्ट, शनि.
सराव दणकून. डावा पाय ठणकतोय, गुडघ्याच्या जरा वर. पथकात ढोलाचं कडं लागून मांड्या काळ्यानिळ्या होतातच. त्याला आम्ही 'ढोलाचा मार' म्हणतो, एकमेकींना फोटो पाठवतो. प्राजू, शेजारी वाजवते ती, म्हणाली, "तुझा मार भारीये यार, सुजलायसुद्धा." मी खूश.

६ सप्टें., विसर्जन
मेन रोडभर वाजवलं. ढोल सोडवताना डोळ्यांत पाणी. सगळ्यांना वाटलं, बाप्पा गेले म्हणून. वाटू दे.

१४ सप्टें., रवि.
ढोल गोदामात गेले तरी पाय ऐकत नाही. चालताना एक वेळ बरा, आडवं झालं की सुरू. झोपेचं खोबरं. गोळी तेवढ्यापुरती. आईचं पालुपद: "एवढं ओझं बांधून नाचायचं कशाला?" नाचत नाही गं, वाजवते. किती वेळा सांगू.

२१ सप्टें., रवि.
सिन्नरची मावशी आली. पायावरून हात फिरवला. "अगं, गाठ धरलीये. लय घट्ट हाय. चोळून मोकळी करू." कोमट तेलाने खसाखसा चोळलं. मी किंचाळले. "दुखतंय म्हंजे सुटतंय!" संध्याकाळी सूज दुप्पट, तिथली कातडी गरम. मावशीवर चिडताही येत नाही, इतक्या मायेनं चोळलं.

२५ सप्टें.
कॉलनीतले डॉक्टर: स्नायू दुखावलाय, विश्रांती घे. मलम, गोळ्या, दुधातून घ्यायची पावडर. मीच आत शिरल्याशिरल्या "ढोलाने झालंय" सांगितलं, मग ते तरी दुसरं काय म्हणणार. कंपनीच्या बसमध्ये पाय लांब करायला जागा नाही. सगळ्यांवर खेकसतेय.

१ ऑक्टो., खंडेनवमी
शस्त्रपूजा. आमची शस्त्रं म्हणजे ढोल. झेंडू, हळदकुंकू, मग दरवर्षीसारखं एकेकीने ढोल बांधून मानाचा ठेका. प्राजू म्हणाली, "मार गेला बघ माझा, कधीच." सगळ्यांचाच गेलाय.
मी ढोल बांधला आणि खाली पाहिलं. कडं मांडीच्या मध्यावर. गाठ त्याच्या वीतभर खाली. दोरी सैल करून परत बांधला. तरी पोचेना.
प्राजू बघत होती. "ढोल तिथं लागतच नाही गं," हळूच म्हणाली.
ठेका न देताच सोडला. मग महिनाभर मी मिरवतेय ते काय?

३ ऑक्टो.
हाडांचे डॉक्टर. एक्सरे उजेडात धरला, खाली ठेवला, परत धरला. रात्री जास्त दुखतं? नुसतं बसल्यावरही? गोळीने थांबेनासं झालंय? तिन्हीला हो. "कुणी चोळलंय?" हो. "यापुढे कुणालाही हात लावू द्यायचा नाही. शेकायचंही नाही." आईने मान खाली घातली. एमआरआय, मग बायोप्सी. मार लागल्याने हे होत नाही, असंही म्हणाले. म्हणजे ढोल निर्दोष सुटला. चोळल्याने काही बिघडलं का, ते विचारायचा धीर झाला नाही. मावशीला काही सांगायचं नाही, असं घरी ठरलं.

९ ऑक्टो.
तुकडा काढून तपासायला पाठवला. नेटवर वाचू नकोस म्हणाले होते. वाचलं. हाडाचा कॅन्सर, तसा दुर्मीळ, पण होतो तो माझ्या वयात, गुडघ्याच्या आसपासच... बंद केलं. उघडलं. बंद.

१६ ऑक्टो.
रिपोर्ट आला. तोच आहे.
आधी केमो, नंतर ऑपरेशन. पाय ठेवता येईल का, ते केमोनंतर कळेल. आई सारखं पायाचं विचारत होती, बाबा जिवाचं. डॉक्टर दोघांनाही घाईने काही सांगेनात. मग माझ्याकडे वळले, "तुला काही विचारायचंय?" खूप होतं. तोंडातून निघालं, "केस जाणार?" त्यावर आई रडायला लागली. इतका वेळ धरून ठेवलं होतं तिनं.
घरी चकलीची भाजणी तशीच पडलीये. मी खोलीतल्या खोलीत फेऱ्या मारतेय, मारायच्या नसताना.
परवा छातीचा सीटी. पसरलंय का ते बघायला. तिथं काही निघू नये, एवढंच मागणं. पायाचं पुढे बघू.
नाही. पाय पण हवाय.