हनुवटीखालची फट

मी, मुखवटे घडवणारी, वय एकाहत्तर. उद्या माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डोके ठिकाणावर आहे, कोणाचा दबाव नाही. भीती मात्र आहे, आणि ती लपवून मृत्युपत्र लिहिणे खोटेपणाचे होईल.

१. राहते घर धाकट्या भावाला. ज्या गाजलेल्या भयपटासाठी मी पांढरा मुखवटा घडवला, त्यातले भूत तोच होता. पहिल्या चाचणीत गुदमरून त्याने टेबल बडवले, म्हणून मी मुखवट्याला हनुवटीखाली श्वासापुरती फट कापली. कॅमेऱ्याला ती कधीच दिसली नाही.

२. कारखाना व अवजारे त्याच्या मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला. भट्टीचे दार अडकते, खांद्याने ढकलावे.

३. चित्रपट गाजला आणि त्या पांढऱ्या चेहऱ्याच्या नकला सुरू झाल्या. पाच वर्षांत नऊ चित्रपट. मी जळफळत होते. नकला करणारा एक कारागीर, सगळे त्याला डिंक्या म्हणत, घरी येऊन म्हणाला, "ताई, तुमच्या मुखवट्यात माणूस एवढा वेळ टिकतो कसा?"

"चेहरा चोरलास ना? मग तेही शोध," मी म्हणाले.

महिन्याने त्याच्या चित्रीकरणाला मुद्दाम गेले, हसायला. त्यांचे भूत कोसळले आणि गळा ओरबाडू लागले. सगळ्यांना तो अभिनय वाटला. दिग्दर्शक पुटपुटला, "चालू राहू दे." मला कळले होते. तरी काही क्षण मी गप्प बसले, मग ओरडले. तोवर मुखवट्यातला नट मरण पावला होता. डिंक्याने धंदा सोडला. मी का गप्प बसले, हे आजवर कोणालाही सांगितलेले नाही.

४. मूळ साचा व सोबत जोडलेले फटीचे रेखाचित्र, नक्कल करू पाहणाऱ्या कोणालाही फुकट द्यावे. माझे नाव नको.

५. आज भाचीने मोबाइलवर नव्या चित्रपटाचे पोस्टर दाखवले. तोच चेहरा. मोठा करून पाहिला: हनुवटी गळ्यापर्यंत बंद, नाकपुड्या नुसत्या रंगवलेल्या. त्या चित्रपटवाल्यांच्या कचेरीत फोन केला, तर तिथली मुलगी म्हणाली, "आजी, उद्या सकाळी शूटिंग आहे, नंतर बोलू." तेव्हापासून घाईघाईने लिहिते आहे. अक्षर वाकडे आले आहे ते त्यामुळे, वयामुळे नव्हे.

म्हणून कलम चार माझ्या मरणापर्यंत थांबणार नाही. भाचीने रेखाचित्र घेऊन आत्ताच त्या चित्रपटवाल्यांकडे निघावे. माझ्या शस्त्रक्रियेसाठी थांबू नये. हाकलले तर दारात बसून राहावे.

स्थळ: रुग्णालय, खोली सात. मंगळवार, दुपारचे चार.
सही: मुखवटेवाली

साक्षीदार:
१. या खोलीची परिचारिका
२. शेजारच्या खाटेवरच्या शिवणकामवाल्या बाई

भाचीला वाटा मिळत असल्याने तिची साक्ष घेतलेली नाही. तशीही ती इथे नाही. जिन्यावर तिची धावती पावले ऐकू येत आहेत.