पाडण्यासाठी बनवलेलं

बुधवार, संध्याकाळ. वेलचेरी.

आज चाचणी झाली. आमच्या टीमने बनवलेलं क्षेपणास्त्र समुद्रावरून आलं आणि दुसऱ्या क्षेपणास्त्राने ते हवेतच उडवलं. ऑफिसच्या पडद्यावर दोन ठिपके, मग एकही नाही. टाळ्या मीही वाजवल्या. पाडून बघायलाच तर बनवलं होतं ना? तरी शेवटच्या क्षणी पुटपुटले, निसट रे बाळा!

आता गच्चीत बसलेय. विमानतळाकडे एक दिवा सरकतोय, अगदी त्या ठिपक्यासारखा. नजर उगाच दुसरा शोधतेय.

मघाशी साताऱ्याहून आईचा फोन आला. "टीव्हीवर दाखवलं. पाडणारं तुझंच ना गं?"

"नाही आई. पडलं ते माझं."

"असू दे. पुढच्या वेळी नाही पडायचं."

"हो," म्हटलं.

दिवा सुखरूप खाली उतरला.