बेडकाचं काळीज आणि मालिनीचं स्थळ

रत्नागिरी,
भाद्रपद शुद्ध नवमी, शके १८५७

चि. सौ. गंगू हीस,

थोरल्या भावाचे आणि तुझ्या वहिनीचे पोटभर आशीर्वाद. आधी सगळ्यांची विचारपूस करतो, मग गाऱ्हाणं घालतो. दत्तोपंतांचा दमा गणपतीत कसा राहिला? (मोदकावर तूप कमी घ्या म्हणून त्यांना सांगण्यात अर्थ नाही, मला माहीत आहे.) तू गुडघ्याला एरंडेल लावतेस की नुसती बाटलीकडे बघून कण्हतेस? तुझ्या सासूबाईंना अगदीच ऐकू येईनासं झालं, की सोयीचं तेवढं अजून येतं? मालिनीची सर्दी हटली का? आणि तांबू व्याली का, पाडा की पाडी? इकडे मी ठणठणीत. सावित्रीचं पित्त उसळलेलं आहे आणि ते माझ्यामुळे आहे, असा तिचा दावा आहे.

आता मुद्द्याचं. मालिनीसाठी सांगून आलेला चारुदत्त मुंबईला डॉक्टरी पास झाला, पण दवाखाना न थाटता मेंदू आणि मज्जातंतूंच्या मागे लागला. त्याला पावसाळाभर निवांत जागा आणि मुबलक बेडूक हवे होते, तुला त्याच्यावर नजर ठेवणारं माणूस हवं होतं, म्हणून मी माझी मागची पडवी त्याला दिली. 'दादा, तू मुलीचा मामा, बोहल्यावर तूच तिला आणणार. तेव्हा डोळ्यांत तेल घालून मुलगा बघ आणि पितृपंधरवडा लागायच्या आत हो की नाही ते कळव,' असं तू लिहिलंस. गंगू, मी डोळ्यांत इतकं तेल घातलं की शेवटी दिसायचंच कमी झालं. ते कसं, ते सविस्तर सांगतो. दूध चुलीवर असेल तर आधी उतरवून ये.

पहिला संशय बेडकांचा. आमचा गडी केरू मळ्यातून टोपलीभर बेडूक आणून देई आणि पाहुणा त्यांना आंब्याची पेटी आल्यासारखा हरखून बघे. केरू मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, पावना बेडूक खातो. आमी खेकडं खातो, ता येगळा." सावित्रीनं त्याच दिवशी चारुदत्ताची ताट-वाटी निराळी मांडली. मी रोज काही ना काही निमित्त काढून पडवीत जायचो आणि वास घ्यायचो. फोडणीचा वास कधी आला नाही, स्पिरिटचा आला. तेव्हा मला वाटलं, खात नसेल, पीत असेल.

एका सकाळी चहा घेऊन गेलो (चहा सावित्रीनं दिला होता, घाई माझी होती), तर पाटावर बेडकाची नुसती एक तंगडी. बेडूक नाही. तंगडीतून पांढरा दोरा निघालेला, आणि चारुदत्त त्या दोऱ्याला विजेच्या काळ्या पेटीतल्या दोन तारा टेकवतोय. टेकवल्या की तंगडी लाथ मारते! माझ्यामागे केरू होता, तो तिथूनच परस्पर गुरवाकडे अंगारा आणायला पळाला. मी पळालो नाही. मी वाकून पाटाखाली सुतळी शोधली. सुतळी नव्हती, आणि सुतळी नसल्यामुळे माझा संशय दुप्पट झाला, कारण सुतळी असती तर निदान समजलं असतं.

चारुदत्तानं मला बसवून समजावलं. तो पांढरा दोरा म्हणजे मज्जातंतूंची जुडी, आणि मेंदूचा निरोप त्या तंतूंतून विजेच्या लहरीसारखा पायाकडे धावतो. मी विचारलं, मोठा निरोप असला तर लहर मोठी होते का? तो म्हणाला नाही, एका तंतूत लहर उठली तर पुरी उठते, नाहीतर उठतच नाही. हे मला पटलं, कारण आपल्या देवळात कौल लावतात तेव्हा देवाला चिकटवलेली पाकळी पडली तर पडते, नाही तर चिकटून राहते. अर्धी पाकळी पडलेली कुणी पाहिली आहे? मग कमीजास्त कसं कळतं म्हटलं, तर म्हणाला, लहरी भराभर येतात. म्हणजे पालखी दाराशी आली की ढोल घाईनं वाजू लागतो तसं. इथवर ठीक. पण हे सगळं मला इतकं चटकन समजलं म्हणून मला पुन्हा संशय आला. खऱ्या विद्या मला कधी एवढ्या लवकर आलेल्या नाहीत.

त्यात मी वाचनालयात एका मासिकात वाचून आलो की जर्मनीत कोणी डॉक्टर माणसाच्या डोक्याला तारा लावून आतली वीज कागदावर रेघांनी उतरवतो. मी घरी आलो आणि टोपी काढलीच नाही. जेवताना टोपी, झोपाळ्यावर टोपी. सावित्री म्हणाली, "काय हो, टक्कल काय आज पडलं का?" आता तिला काय सांगू, की आपण पाहुण्याविषयी काय काय मनात आणतो ते त्याला रेघांत दिसेल! शेवटी मीच चारुदत्ताला आडून आडून विचारलं. तो इतका हसला की त्याचा चष्मा पडला. म्हणाला, "काका, तुम्ही माडीवर बसलात आणि खालून मासळीबाजाराचा कालवा ऐकू आला, तर बाजार भरलाय की उठलाय एवढं कळेल. कुठल्या कोळणीनं कुठल्या गिऱ्हाइकाचा बाप काढला, ते कळेल का?" डोळे मिटून स्वस्थ बसलं की रेघा संथ आणि ठळक हेलकावे घेतात, डोळे उघडले की विस्कटतात, यापलीकडे कुणाला फारसं वाचता येत नाही म्हणे. मी टोपी काढली. (थोडी उशिरा काढली.)

भिंतीवर त्यानं एक चित्र लावलंय, निष्पर्ण झाडासारखं काळंभोर. सावित्रीला ते मुंजाचं झाड वाटलं. तो म्हणतो ती मेंदूतली एकच पेशी. मेंदूचा पातळ काप चांदीच्या क्षारात ठेवला की थोड्याच पेशी काळ्या होतात, बाकीच्या दिसत नाहीत, म्हणून ह्या नीट काढता येतात. मी विचारलं, मग ह्याच का काळ्या होतात? "ठाऊक नाही काका. कुणालाच नाही." हे 'ठाऊक नाही' त्याच्या तोंडी फार. डॉक्टर असून? आपल्या इथल्या वैद्यांच्या तोंडून तू हा शब्द कधी ऐकलास? मी मनात त्याच्या नावावर काट मारून ठेवली.

आता खरी गंमत ऐक. तंतूच्या टोकाशी फट असते, आपला रस्ता भाट्याच्या खाडीशी येऊन संपतो तशी. पुढे निरोप कसा जातो? वीजच उडी मारते की एखादं द्रव्य होडीसारखं पलीकडे जातं, ह्यावर विलायतेत मोठी भांडणं चालली आहेत. चारुदत्त होडीवाल्यांच्या बाजूचा. त्याला दाखवायचं होतं ते असं. बेडकाचं काळीज मिठाच्या पाण्यात ठेवलं तरी बराच वेळ आपलंआपण धडधडतं (खरंच धडधडतं गं, मी पाहिलं आणि त्या दिवशी आमटी गेली नाही). त्याच्या एका तंतूला विजेनं डिवचलं की ते मंदावतं. मग त्याच्याभोवतीचं पाणी काढून दुसऱ्या काळजावर सोडायचं, ज्याला कुणी डिवचलेलंच नाही. तेही मंदावतं! म्हणजे पाण्यात काहीतरी उतरलं. मी विचारलं, होडी कुणी पाहिली आहे का? म्हणाला, माल पलीकडे पोचलेला दिसतो. गंगू, माल पोचल्याच्या गोष्टी मी पुष्कळ ऐकल्या आहेत, आंबेवाल्या दलालांकडून.

गेल्या रविवारी त्यानं हेडमास्तरांना आणि शेजारच्या वकिलांना हा प्रयोग बघायला बोलावलं. मी ठरवलं, आज पाणी आणि दूध वेगळं करायचं. पहिलं काळीज मंदावलेलं सगळ्यांनी पाहिलं, त्याचं पाणी त्यानं छोट्या बाटलीत घेतलं, आणि तेवढ्यात सावित्रीनं चहा आणला. तो कप द्यायला वळला आणि मी बाटली बदलली. तशीच बाटली मी आधीच बंडीच्या खिशात ठेवली होती, त्याच्याच मोठ्या बरणीतलं ताजं, निरुपद्रवी पाणी भरून. मुलगा भोंदू असेल तर आता साध्या पाण्यानंही काळीज मंदावल्याचं सांगेल, आणि मी खिशातून खरी बाटली काढीन, असा बेत.

त्यानं पाणी सोडलं. आम्ही चौघे वाकून बघतोय. हेडमास्तर म्हणाले, "वा! मंदावलं की!" वकील म्हणाले, "मंदावलं म्हणजे काय, स्पष्ट मंदावलं." आणि तुझ्या गळ्याची शपथ, गंगू, पाणी मी स्वतः बदललेलं, तरी मलासुद्धा क्षणभर ते मंदावल्यासारखं दिसलं! चारुदत्तानं मात्र घड्याळ हातात धरून ठोके मोजले, पुन्हा मोजले, आणि म्हणाला, "नाही. तुम्हाला तसं वाटतंय. मंदावलेलं नाही. प्रयोग फसला." वकील त्याला समजावताहेत, अहो आम्ही डोळ्यांनी पाहिलं, तर हा आपला मान हलवतोय. पाहुणे गेल्यावर तो पडवीत काळजासमोर तसाच बसून राहिला.

तर माझा निर्णय लिहितो. सगळे हो हो म्हणत असताना, आणि त्या हो मध्येच स्वतःची अब्रू असताना, जो नाही म्हणतो, त्याच्या घरात मालिनीला कुणी खोटं सांगणार नाही. 'ठाऊक नाही' म्हणणारा नवरा तुला आणि वहिनीला मिळाला असता तर दोन्ही घरांतलं निम्मं भांडण मिटलं असतं. दत्तोपंतांना सांग, स्थळ सोन्यासारखं आहे, मामाचा होकार आहे. त्यांना साष्टांग नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
दादा

ता. क. होकार लिहिला खरा, पण एक अडचण लिहायची राहिली. आता आपल्याला होकार देऊन भागणार नाही, कारण त्यानं नकार दिला आहे. झालं असं की तो जेवेना, म्हणून तुझ्या वहिनीला पाझर फुटला आणि तिनं मी तिला विश्वासानं सांगितलेली बाटलीची हकिगत त्याला सांगून टाकली. तो माझ्याकडे आला, ओरडला नाही, ओरडता तर बरं झालं असतं. म्हणाला, "काका, शंका घेतलीत हे चांगलंच केलंत. पण पाठीमागून का? मला म्हणाला असतात तर मीच दोन बाटल्या तुमच्या हातात दिल्या असत्या आणि कुठली कुठली ते न विचारता मोजलं असतं." आणि ज्या घरात समोर बसून विचारायची रीत नाही तिथे आपलं जमायचं नाही, असं म्हणून त्यानं ट्रंक भरायला घेतली. पावसाळ्यात बंद असलेल्या मुंबईच्या बोटी पुन्हा सुरू झाल्या आहेत.

पुन्हा ता. क. फार रदबदली केली तेव्हा एका गोष्टीवर थोडा नरमला. म्हणाला, मुलगी पाहण्याचा कार्यक्रम मला नको, मुलीनंच येऊन मला पाहावं. पडवीत बसून हवं ते तोंडावर विचारावं, पारखून घ्यावं, मग हो किंवा नाही म्हणावं. रीत उलटी आहे, दत्तोपंतांचा दमा उसळेल, सासूबाईंना नेमकं हेच ऐकू येईल, सगळं कबूल. पण मालिनीला घेऊन तू ताबडतोब ये.

आणखी एक, आणि हे फक्त तुझ्यापाशी. त्याच्या काळ्या पेटीची पितळी कळ कालपासून सापडत नाही, आणि ती सापडल्याशिवाय तो बोटीवर पाय ठेवायचा नाही. सगळी पडवी त्यानं पालथी घातली. मीही त्याच्याबरोबर मनापासून शोधतो आहे. पण गंगू, शोधताना बंडीच्या खिशावर एक हात सारखा ठेवावा लागतो, आणि सावित्री माझ्याकडे बघायला लागली आहे. तेव्हा कधी निघताय ते उलट टपाली कळव.