उजव्या गुडघ्यापाशी

ता. १४, मंगळवार

चि. ठकूस,
बाबांचे आशीर्वाद.

आम्ही दोघं बरे आहोत. तू बरी आहेस असं तुझ्या आईच्या फोनवरल्या बोलण्यावरून कळतं. मला वेगळं कोण कळवतंय! दुकान ठीक चाललंय. समोरच्या चपलवाल्याने नवी पाटी लावली. पिवळ्यावर जांभळी अक्षरं, आंधळ्यानेही डोळे मिटावेत अशी. स्वतः साठीला आलाय आणि केस तांबडे करून बसतो. मी काही बोललो नाही, नुसतं पाहिलं. माझं नुसतं पाहणं किती पुरतं, हे तुला माहीत आहे.

काल एक बाई नवऱ्याचा कोट घेऊन आल्या, कोपराला कसरीने खाल्लेला. "रफू कळणार नाही ना?" म्हणाल्या. म्हटलं, "बाई, उद्या मलाच शोधावं लागेल." लागलंच. हे मला कुणी शिकवलेलं नाही. लोकांची जुनी रफू उसवत उसवत शिकलो. आधी उसवणारा हात तयार झाला, विणणारा नंतर. शंभरदा ऐकलंयस तू, पण आज त्याला कारण आहे.

तुझी जीन्स पाठवायचा निरोप आईने केव्हाच दिला होता. उशीर का झाला, ते तिलाही सांगितलेलं नाही.

तू ती टाकून गेलीस तेव्हा मी ती दुकानात खुंटीवर टांगली. खोटं कशाला बोलू, गिऱ्हाइकांना दाखवायलाच. "यात रफू शोधून दाखवा." कुणाला सापडलं नाही. मग एका सकाळी कुलूप काढलं, तर दोन्ही गुडघे उघडे. तू आणली होतीस तसेच, आडवे पांढरे धागे शिडीसारखे. मी भरलेले उभे निळे धागे टेबलावर, शेजारी शेजारी, लांबीप्रमाणे लावलेले. एकही तुटलेला नाही. पांढऱ्याला कुठे ओरखडा नाही. ठकू, इतकं स्वच्छ उसवणारा या गावात एकच माणूस आहे.

पुन्हा भरले. पुन्हा उघडले. झोपेत चालत असेन म्हणून चष्मा दुकानाच्या ड्रॉवरमध्ये कुलपात ठेवायला लागलो आणि सगळ्या किल्ल्या तुझ्या आईच्या उशीखाली. चष्म्याशिवाय मला सुई दिसत नाही, तिचं भोक तर सोडूनच दे. तरी सकाळी धागे टेबलावर. आणि जीन्सचे गुडघे पुढे आलेले, आत कुणी पाय दुमडून बसावं तसे. इस्त्री फिरवली. दुपारपर्यंत पुन्हा वाकले.

शेवटी नाद सोडला. काही दिवस सगळं शांत होतं. परवा मी घरच्या कपाटातली राखाडी पँट चढवली आणि उजव्या गुडघ्याला गार वारा लागला. काटकोनी फाट. खिळ्यात अडकून कापड फाटतं तशी. मला ती मोजावी लागली नाही.

चौथीत बाकाच्या खिळ्याने माझी शाळेची पँट अगदी तिथेच, अशीच फाडली होती. पँट एकच. वर्षभर गुडघ्यासमोर दप्तर धरून चाललो. पण फळ्यापाशी बोलावलं की दप्तर खाली ठेवावं लागायचं. पोरं मला 'खिडकी' म्हणायची. हे आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही.

तू पहिल्या पगाराची जीन्स घालून दारात उभी राहिलीस, गोल फिरून दाखवलीस, आणि मी म्हणालो, "पैसे मोजून भिकारडं दिसायचं?" तुझ्या हसण्यात मला तो वर्ग ऐकू आला होता. तुला ते कसं कळावं.

दुसऱ्या दिवशी भरलेली जीन्स तुझ्या बॅगेवर घडी करून ठेवली. तू ती उजेडात धरलीस, बोटं फिरवलीस. "बाबा, कुठे होतं तेसुद्धा सापडत नाहीये," म्हणालीस आणि रडायला लागलीस. मला ती शाबासकी वाटली, ठकू. बस निघून गेली तरी वाटतच होती.

माझ्या पँटसाठी सुई ओवली होती. टोचवली नाही. तशीच घालून दुकानात गेलो. चपलवाला रस्त्यापलीकडून ओरडला, "काय रफूशेठ, दिव्याखाली अंधार?"

"फॅशन आहे. तुला नाही कळायची."

"मग माझ्या केसांना का नावं ठेवता?"

"मी कधी बोललो?"

"बोलायला तोंडच लागतं का तुम्हाला?" म्हणाला आणि चहा घेऊन आला. दोघं बसलो. मी समोर खुंटीकडे पाहिलं. तुझ्या जीन्सचे गुडघे सरळ झाले होते. कुणीतरी उठून उभं राहिल्यासारखे.

आज ती बांधली. निळे धागेही पुडीत ठेवलेत. ते तुझेच आहेत, तिच्याच आतल्या शिवणीतून काढले होते. पार्सल फोडल्यावर आधी गुडघे बघ. उघडे असले, तर तीच घालून ये, याच दारातून. बंद झालेले असले तर मी हात लावलेला नाही, शप्पथ. पण तरीही ये.

उसवता मला येतं.

तुझा बाप,
खिडकी