प्रेशर उतरेपर्यंत

३ जून, मलकापूर
आज डोळ्यांच्या दवाखान्यात रुजू झाले. अम्मीने सांगलीहून नानखटाई बांधून दिली होती, ती सगळ्यांना वाटली. प्रियदर्शनी सिस्टरांनी तर दोनदा घेतली! काम आवडलं. डोळ्यात इंजेक्शन दिलं की आतलं प्रेशर एकदम चढतं. एखाद्याला थोडा वेळ काहीच दिसत नाही, मग आपोआप उतरतं. तोवर मी पेशंटजवळ बसून प्रेशर मोजायचं. खिडकीतून आगाशिवाचा डोंगर दिसतो.

६ जून
लालासाहेब नावाचे रिटायर फौजी आले होते. साखरेमुळे डोळ्याच्या पडद्याला सूज. इंजेक्शननंतर त्यांना काळोख झाला, तशी मी धीर देऊ लागले. ते खेकसले, "तू गप. तुज्या मागं उभी हाय ती बाई कोन?"
मागे भिंत होती.
प्रेशर उतरलं, नजर आली. बाई गेली म्हणाले.

१० जून
आज इंजेक्शनला आलेल्या त्रिशलाकाकूंनाही काळोखात तीच बाई दिसली. बुटकी, केस मोकळे, हात माझ्या खांद्यावर. त्यांची न् लालासाहेबांची ओळखसुद्धा नाही. डॉ. विश्वजीत मलाच ओरडले, पेशंटच्या डोक्यात काहीबाही भरवतेस म्हणून.

१४ जून
पेशंट माझ्यासमोर बसत नाहीत. काकूंच्या मुलाने सगळ्यांदेखत सुनावलं, "ह्ये तू आल्यापासनं सुरू झालंय. नीघ हितनं." सिस्टर डबा घेऊन दुसऱ्या खोलीत जातात.
आजचे एक आजोबा म्हणाले, तिचा अंगठा आता माझ्या उजव्या डोळ्यावर आहे.
दुपारपासून तो डोळा ठणकतोय.

१५ जून
स्वतःचं प्रेशर मोजलं. डावं १५, म्हणजे नॉर्मल. उजवं ४४. मला तर कुणी इंजेक्शन दिलेलं नाही. डॉक्टरांनी पुन्हा मोजलं. थेंब घातले, ताबडतोब सांगलीला जा म्हणाले. माझ्याकडे न बघता.

१६ जून, सांगली
थेंब, गोळ्या, सलाइन. तरी ५८. इथल्या डॉक्टरांना कारण सापडत नाही. उजव्याने दिसायचं बंद झालं. अम्मी उशाशी आहे.

१७ जून
डाव्याने खोली दिसते. अम्मी, खुर्ची, पंखा.
डावा मिटला की— उजव्याने ती दिसते. लख्ख. माझ्याच पलंगावर, गुडघे टेकून.
डावा मिटायचा नाही.

दुपारी
अम्मीला सांगितलं. तिने पोटाशी धरलं, इथे कुणी नाही म्हणाली. ती म्हणत होती तेव्हाच डावा मिटला गेला, बाई तिच्या खांद्यावरून—
झोप आवरत नाही. डावा ताणून उघडा ठेवलाय. मघाशी पुन्हा मिटला. क्षणभरच. बाई सरकलीये. डाव्या बाजूला.
आता डावाही ठणकतोय
अम्मी म्हणते, बेटा, डोळ्यावरचा हात काढ. माझे दोन्ही हात वहीवर आहेत. मग हा—