निघालोच आहे

३ नोव्हेंबर, नांदेड
चंद्रप्रभाशी भांडण. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पण लेक इरा म्हणते डॉक्टर बेंगळुरूचाच, तुम्हीच इकडं या. बरं, येतो. तर बायको म्हणते, विमानानं जाऊ, इथूनच थेट आहे. मग रिटायर झाल्यावर गाडी कशाला घेतली? कव्हर घालून पूजा करायला? लातूरला दामिनीताईकडं मुक्काम, मग सोलापूर, मग सरळ खाली. नातवंड पहिलं माझ्या मांडीवर येणार. निर्णय फायनल.

५ नोव्हेंबर
जावई मिहिरनं विचारलं, हायवेला गाडी चालवलीय का कधी? डोकंच फिरलं. अर्धापूरहून केळी कोण आणतं, ह्याचा बाप? आणि विमानाची मला भीतीबिती काही नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे. ज्या वाहनाला हॉर्न नाही, त्यात मी बसत नाही.

८ नोव्हेंबर
आज सकाळचा मुहूर्त होता. निघणारच होतो, पण मागच्या टायरची हवा संशयास्पद वाटली. मुहूर्त हुकू नये म्हणून प्रस्थान ठेवलं, म्हणजे बॅग दक्षिणेकडच्या घरी नेऊन ठेवली. दक्षिणेला आमचे महेबूबभाई. शास्त्राप्रमाणे मी आता निघालेलो आहे. इराला तसं कळवून टाकलं. पोरगी लई खूश झाली.

९ नोव्हेंबर
इराचा फोन. कुठवर आलात? म्हणालो, वाटेत. चंद्रप्रभानं फोन हिसकावून सगळं सांगितलं. असली बायको वैऱ्याला मिळू नये! वर दोन तिकिटं काढून मोकळी झाली. मला न विचारता.

११ नोव्हेंबर
तिला विमानतळावर सोडलं. आत जाताना हात धरून म्हणाली, "चला ना. मी बसते की शेजारी." म्हणालो, बॅग महेबूबभाईंकडं आहे, प्रस्थान असं मोडता येत नाही. ती एकटीच आत गेली. मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. एवढा कसला माज?

१३ नोव्हेंबर, सकाळी
निघालो! खरोखर.

दुपारी
घरी. लातूर रोडला एका ट्रकवाल्यानं मागून असा हॉर्न दिला की गाडी बंद पडली. सगळे शिव्या देऊन राहिले. ह्या देशात सभ्य माणसानं गाडी चालवायचीच नाही का? निषेध म्हणून परत आलो. महेबूबभाई दारातच उभे. म्हणे, बॅग परत ठेवून घेऊ का? बोललो असतो तर शेजार तुटला असता.

१५ नोव्हेंबर
नात झाली. पहाटे. मला कळलं दहा वाजता. मी काय परका आहे?

फोनवर इराला सांगितलं, उद्या निघतो, आता कोणाच्या बापाला ऐकत नाही.

ती म्हणाली, "नका निघू बाबा. तुम्ही गाडी काढली की आईचा सगळा जीव फोनमध्ये अडकतो. मग बाळाकडं कोण बघणार?"

फोन आपटणार होतो. नाही आपटला. विचारलं, विमानानं आलो तर?

ती एवढंच म्हणाली, "बाबा, फोटो पाठवते."

रात्र झाली, फोटो अजून आला नाही. उद्या ह्या नेटवर्कवाल्यांची चांगलीच हजेरी घेतो.